शू-शी शिकवणं हाही शाळेचाच अभ्यास : प्ले-स्कूल चालकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या प्ले-स्कूल, नर्सरी आणि शिशुवर्गांचे संचालक व मुख्याध्यापिका यांस,

सप्रेम नमस्कार.

शहरांत नर्सरीचे प्रवेश अर्ज हल्ली दिवाळी सरली की निघतात. त्यातल्या बऱ्याच अर्जांवर रक्तगट आणि लसीकरणाच्या रकान्यांखाली एक अट असते : मूल ‘पॉटी-ट्रेन्ड’ असावं, डायपर घालून पाठवू नये. काही ठिकाणी ती छापत नाहीत, पालकांना भेटीत तोंडी सांगतात. मी आयुष्यभर शिशुवर्गाला शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्यातल्या काही जणी माझ्याबरोबर काम केलेल्या आहेत. त्या हक्काने सांगते, ही अट काढून टाका.

आधी वयाचं बोलू. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणारं मूल नर्सरीत घेता येतं. शाळा भरते जूनच्या मध्यावर. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल पहिल्या दिवशी तुमच्या दारात उभं राहतं तेव्हा अडीच वर्षांचंही झालेलं नसतं. प्लेग्रुपमध्ये तर दोन वर्षांची आणि त्याहून लहानही असतात. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. मुलाच्या कलाने घ्यायचं, मागे लागायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्यात दिवसाची सवय लागण्याचं सरासरी वय निघालं साडेअठ्ठावीस महिने. पुढे २००२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात हे वय आणखी पुढे गेलेलं दिसलं. दिवसभर कोरडं राहणं निम्म्या मुलींना साडेबत्तीस महिन्यांपर्यंत जमलं, निम्म्या मुलग्यांना पस्तीस महिन्यांपर्यंत. उरलेल्या निम्म्यांना त्याहून वेळ लागला, आणि ती सगळी धडधाकट मुलं होती.

हे आकडे परदेशातले, डायपरवर वाढलेल्या मुलांचे, हे मान्य. पण आपल्या शहरांतली आजची बाळंही डायपरवरच वाढताहेत. तेव्हा डिसेंबरात जन्मलेला एखादा मुलगा जुलैमध्ये तुमच्या वर्गात चड्डी ओली करत असेल, तर तो त्याच्या वयाप्रमाणेच वागतो आहे. वय तुम्ही घेतलेलं आहे, मग वयाबरोबर जे येतं तेही घ्यायला हवं.

‘आमच्या वेळी वर्षाच्या मुलाला कळायचं,’ असं काही ज्येष्ठ बाई म्हणतील. खोटं नाही ते. तान्ह्या बाळाला दोन पायांवर बसवून तोंडाने ‘शूऽऽ’ करायची आपली रीत जुनी आहे आणि ती लागूही पडते. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजातल्या आया अशाच रीतीने बाळांना पाच-सहा महिन्यांत सवय लावतात, अशी नोंद १९७७ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली होती. आपल्या कुठल्याही आजीला ती वाचून नवल वाटलं नसतं. पण त्या रीतीच्या मागे काय काय होतं ते आठवा. बाळ दिवसभर डोळ्यांसमोर असलेली आई किंवा आजी. दोरीवर लंगोट-दुपट्यांची रांग. हाताशी मोरी. आणि फरशीवर ओघळ गेला तर फडकं फिरवून मोकळं होणारं घर. बाळ खेळता खेळता थबकलं, चेहरा जरा लाल झाला, की मोठं माणूस उचलून धावायचं. आता ते मोठं माणूस सकाळी नऊला कामावर जातं. बाळ पाळणाघरात असतं नाहीतर सांभाळणाऱ्या ताईंकडे, आणि तिथे डायपर ही सगळ्यांचीच सोय असते. जुन्या रीतीचं फळ हवं आणि त्यासाठी राबणारं माणूस मात्र कुणीच द्यायचं नाही, हे कसं जमायचं?

बरं, अट घालून निष्पन्न काय होतं? पालक अर्जावर ‘हो’ लिहितात. मग मे महिन्यात, शाळा तोंडावर आली की, मुलाच्या हात धुऊन मागे लागतात. तेवढ्यात जमलं तर ठीक. नाही जमलं तर सकाळचं दूध अर्धा कप करतात, पाण्याची बाटली नावाला भरतात, म्हणजे शाळेच्या वेळात शू लागायला नको. मुलंही कमी नसतात. शाळेत ओली चड्डी झाली की काहीतरी वाईट होतं एवढं त्यांना लगेच कळतं, आणि ती धरून ठेवायला शिकतात. नऊ ते साडेबारा धरून ठेवतात आणि घरचा उंबरा ओलांडला की सोडतात. वर्गात कोरडं असलेलं मूल घरी आल्या आल्या का भिजवतं, याचं उत्तर एवढंच असतं.

शू अशी सतत दाबून ठेवली तर लघवीच्या जंतुसंसर्गाला वाव मिळतो, मुलींमध्ये जास्तच. शीचं दुखणं याहून किचकट आहे, आणि त्याबद्दल शाळांत फार कमी माहिती असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाणी कमी, दूध-बिस्किटं जास्त, भाजी-फळ नावापुरतं, अशा मुलाची शी एक दिवस कडक होते. दुखतं. मूल मनाशी ठरवतं की आता करायचीच नाही. मग ते पडद्यामागे जाऊन उभं राहतं, पाय आवळतं, टाचा उचलतं, लालबुंद होतं. बघणाऱ्याला वाटतं जोर लावतंय. ते खरं म्हणजे थोपवत असतं. आत अडकून राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी टणक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, आणि मूल आणखी निग्रहाने थोपवतं. हे बरेच आठवडे चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. त्या टणक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि मुलाच्या नकळत चड्डीला लागते. मग शाळेतून डायरीत चिठ्ठी जाते, ‘मूल वारंवार कपडे खराब करते, जुलाब आहेत का ते पाहावे.’ जुलाब नसतातच, बद्धकोष्ठ असतं. आई बिचारी चिठ्ठी वाचून फळं आणि भाज्या बंद करते, म्हणजे नेमकं उलटं करते. बालरोगतज्ज्ञांकडे गेलं की ते शी मऊ करणारं औषध देतात, ते बरेचदा काही महिने चालू ठेवावं लागतं, आणि सांगतात की सध्या सवय लावायची घाई थांबवा, रागावू नका. आणि शाळेचं म्हणणं असतं की सोमवारपासून डायपर चालणार नाही.

ही अट मुळात आली कुठून, हे आपण निदान आपापसांत तरी मोकळेपणी बोलायला हवं. विचारलं की कारणं मिळतात : आरोग्याचा प्रश्न, माणसं कमी, बाकीच्या पालकांच्या तक्रारी. माणसं कमी असतात हे खरं आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई असं प्रमाण दिलं आहे. किती शाळा ते पाळतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण सगळ्यांच्या तळाशी आहे ती किळस, आणि त्या किळसवाण्या कामाला कुणाला जुंपायचं याबद्दलची आपली जुनी सवय. मुलाने वर्गात शी केली की शिक्षिका दोन पावलं मागे सरकते आणि हाक मारते, ‘मावशीऽऽ’. गाणी, गोष्टी, अक्षरं हे बाईंचं काम. ढुंगण धुणं मावशींचं. मावशींचा पगार शाळेत सगळ्यांत कमी, त्यांना कुठल्या प्रशिक्षणाला कुणी पाठवत नाही, आणि पालकसभेत त्यांना खुर्ची नसते. घाण काढणाऱ्याला खालचा मानणाऱ्या समाजात ही विभागणी आपोआप झालेली नाही, हे ज्याला समजायचं त्याला समजतं. वर्गातलं मूल ते रोज बघतं. त्याला जे शिकायचं ते त्यातून शिकतं, आपण फळ्यावर काहीही लिहू.

बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा मुलांचे हात-पाय, नखं, केस स्वच्छ करणं हा बालवाडीच्या कामाचाच भाग होता. आधी न्हाऊन-माखून या, मग घेऊ, असं त्यांनी म्हटलं असतं तर ती बालवाडी भरलीच नसती. आणि आजच्या कागदांतही हेच लिहिलेलं आहे. तीन ते आठ वयासाठीचा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ साली आला. मुलांना निरोगी आणि सुरक्षित ठेवणाऱ्या सवयी लागाव्यात, हे त्यातलं पहिलंच उद्दिष्ट आहे. स्वतःची स्वच्छता स्वतः राखणं त्यात नाव घेऊन येतं. म्हणजे जे तुम्ही शिकवायचं, तेच आधी येत असेल तर प्रवेश. बाराखडी येणाऱ्यांनाच बालवर्गात घेऊ, असं म्हणण्यापैकी आहे हे.

आता, अट काढली तर त्या जागी काय करायचं?

स्वच्छतागृहात एकदा गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून बघा. मोठ्यांचा कमोड असेल तर मुलाचे पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसले की पोटाला जोर येत नाही, आणि आपण आत पडू ही भीती वेगळीच. लहान सीट बसवा आणि पायाखाली रुंद, न घसरणारा पाट ठेवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर बसण्याची ढब चांगली, पण ते मोठं भोक आणि खालचा अंधार बघून घरी कमोडवर बसणारी मुलं आत पाऊलच टाकत नाहीत. त्यांच्यासाठी दोन प्लास्टिकच्या पॉट्या घ्या, फार खर्च नाही. फ्लशचा आवाज हा तर कितीतरी मुलांचा शत्रू असतो. मूल बाहेर आल्यावर फ्लश करा, निम्मी रडारड तिथेच थांबते. फरशी कोरडी ठेवा आणि दिवा लावलेला ठेवा. हात धुण्याच्या नळाखाली पायरी ठेवली की ते कामही मुलं आवडीने करतात.

गणवेशाचं तर मला हसूच येतं. अडीच वर्षांच्या मुलाला पट्टा, हुक आणि चेन असलेली पँट, मुलीला मागे बटणांचा पिनाफोर. शू आल्याचं मुलाला कळतं आणि शू होते, यात मिनिटभराचंही अंतर नसतं, ते सगळं पट्टा सोडवण्यात जातं. शाळेच्या पाटीवर ‘माँटेसरी’ लिहिलेलं असतं आणि आत मांडणीवर बटणं घालण्या-काढण्याच्या लाकडी चौकटी ओळीने लावलेल्या असतात. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, महायुद्ध संपेपर्यंत इथेच होत्या, त्यांच्याकडून शिकलेल्या कितीतरी बायकांनी आपल्याकडे वर्ग काढले. त्या चौकटी कशासाठी आहेत? मुलाला स्वतःचे कपडे स्वतः काढता-घालता यावेत म्हणून. तेव्हा पहिल्या दोन वर्षांना सैल इलॅस्टिकची चड्डी हाच गणवेश ठेवा, आणि चौकटींवरचा सराव पुढे मोठ्या शिशूत कामाला येईल.

वेळांचंही एक तंत्र आहे. पोटात अन्न गेलं की आतडं हलायला लागतं, हे शरीराचं काम आहे, लाडाचं नाही. म्हणून डबा झाल्यावर पाच मिनिटं बसवायचं. झाली तर झाली, नाही तर उठवायचं, तासभर कोंडून ठेवायचं नाही. शूसाठी साधारण दीड-दोन तासांनी न्यायचं. नेताना ‘शू आली का?’ असं विचारू नका. खेळात रमलेलं मूल या प्रश्नाला नेहमी ‘नाही’च म्हणतं आणि पुढच्या मिनिटाला करतं. ‘चला, आता शूला जाऊन येऊ’ एवढंच म्हणायचं आणि सगळ्यांनी जायचं. दुसरी मुलं बसलेली दिसली की जे घरी महिनाभर झालं नाही ते शाळेत चार दिवसांत होतं. घरी कितीही नातेवाईक गोळा करा, ही गोष्ट घराला जमत नाही. शाळेकडे असलेलं हे बळ तुम्ही वापरतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ते ‘शेम शेम’ बंद करा. मूल उघडं दिसलं की सगळ्या वर्गाने ‘शेम शेम’ ओरडायचं आणि शिक्षिकेनेही हसत सामील व्हायचं, हे मी अगदी नावाजलेल्या शाळांत बघितलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. तो कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणून काय अडीच वर्षांच्या पोराची खुशाल टिंगल करायची? ओली चड्डी दप्तराच्या बाहेर पिशवीत लटकवून घरी पाठवणं, ‘आता बेबीक्लासमध्ये बसवते’ म्हणणं, भावंडाला वर्गातून बोलावून दाखवणं, हे सगळं त्यातच आलं. कपडे बदला, फरशी पुसा, ‘होतं असं, पुढच्या वेळी आपण लवकर जाऊ’ म्हणा आणि विषय संपवा. जमलं तेव्हा चॉकलेटही नको. शाबासकी पुरते.

इथे तुम्ही म्हणाल, बदलापूरनंतर मुलांना हात लावायचीच भीती वाटते. ती भीती मला समजते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या पुरुष सफाई कर्मचाऱ्यावर दोन चिमुरड्या मुलींच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला, आणि घटना स्वच्छतागृहात घडल्याचं पुढे आलं, तेव्हा राज्यातल्या प्रत्येक शिशुवर्गाच्या पालकाच्या पोटात गोळा आला होता. त्यातून काय घ्यायचं? मुलांना मदत करायची नाही, हे नव्हे. मदतीविना आत एकटं सोडलेलं मूल जास्त धोक्यात असतं. लहान मुलांच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष कर्मचारी शाळेच्या वेळात फिरकणार नाही. मुलांना न्यायला ठरलेल्या दोनच बायका असतील आणि त्यांची नावं पालकांना माहीत असतील. दार अर्ध्या उंचीचं असेल, म्हणजे मुलाचा आडोसा राहील आणि मोठ्या माणसाची पाठ बाहेरून दिसेल. मूल स्वतः चड्डी काढायला, स्वतः धुवायला जितकं लवकर शिकेल तितकं दुसऱ्याचा हात लागण्याचं कारण कमी होत जाईल. धुताना ‘मी आता पाणी घालते हं’ असं सांगून धुणाऱ्या बाईकडून मुलाला हेही कळतं की आपल्या अंगाला हात लावण्याआधी सांगावं लागतं. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवणंही यातच येतं.

पालकांचा वाटा आहेच, तो मी सोडत नाही. पण त्यांना ‘करून पाठवा’ म्हणण्याऐवजी ‘असं करा’ सांगा, आणि वेळेवर सांगा. सवय लावायला आपल्याकडे उन्हाळा बरा. एप्रिल-मेमध्ये मूल घरात नुसत्या चड्डीवर हिंडू शकतं, धुतलेल्या चड्ड्या तासाभरात वाळतात, आणि सुट्टीला आजी-आजोबा किंवा मामा-मावशी हाताशी असतात. जून-जुलैमध्ये कपडे चार चार दिवस ओलसर, घाम नाही म्हणून शू जास्त, वर नवी शाळा, नव्या बाई आणि आई दिसत नाही म्हणून रडणं. नेमकी हीच वेळ आपण परीक्षेची ठरवतो. प्रवेश झाला की एप्रिलमध्येच पालकांना तासभर बोलवा. मूल तयार असल्याच्या खुणा सांगा : दोन तास कोरडं राहतं, ओलं झाल्याचं सांगतं, साध्या सूचना ऐकतं, स्वतः चालत जाऊन बसतं. खुणा नसतील तर थांबा म्हणा. घरात नुकतं बाळ आलेलं असेल, बदलीचं गाव असेल, तर मूल शिकलेलंही विसरतं, त्यालाही थांबा म्हणा. दप्तरात दोन जोड आणि एक पिशवी, एवढी सक्ती मात्र खुशाल करा.

रात्रीचा यात काही संबंध नाही, हेही सांगा. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याला डॉक्टर आजार म्हणत नाहीत, आणि पाचव्या वर्षीही साधारण सातात एक मूल रात्री भिजवतं. तुमच्याकडे पूर्ण दिवसाचं पाळणाघर असेल तर दुपारच्या झोपेला डायपर घालू द्या. आणि ज्या मुलांना स्वमग्नतेमुळे किंवा स्नायूंच्या अडचणीमुळे पाच-सहा वर्षंही लागतील, त्यांना ही एक ओळ दारातूनच परत पाठवते. त्यांचे पालक अर्ज न भरताच निघून जातात, म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत.

राहिला खर्चाचा प्रश्न. पाट, सीट, पॉट्या यांची बेरीज तुमच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमी भरेल. खरा खर्च माणसांचा आहे. एक जास्तीची मावशी ठेवा. सगळ्या मावशींना हातमोजे, साबण, अॅप्रन द्या, पगार वाढवा, आणि फीपत्रकात लागली तर ती वाढ उघड लिहा. पालक त्यासाठी कुरकुर करणार नाहीत, वातानुकूलित वर्गासाठी ते निमूट पैसे भरतातच. शिक्षिकांचीही आठवड्याची पाळी लावा. कुठल्या शाळेने किंवा गावातल्या चार शाळांनी मिळून मेमध्ये यासाठी अर्धा दिवस ठेवला तर मी यायला तयार आहे. मानधन नको. त्या दिवसाचा पगार मावशींचा कापू नका, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर शिक्षिकांना बसवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिशुवर्ग शिक्षिका
पुणे